रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी ब्रेक पॅड: जीआर८६ वर फेरोडो डीएस२५०० आणि कार्बोटेक वापरून बघितल्यावर

गाडी आहे टोयोटा जीआर८६, मॅन्युअल, आणि मी राहतो कॅलिफोर्नियात, बे एरियात. याच गाडीने रोज ऑफिस, याच गाडीने शनिवारी इंडियन ग्रोसरी आणि याच गाडीने अधूनमधून लागुना सेका नाहीतर थंडरहिलला ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या बंद ट्रॅकवर आपली गाडी जोरात चालवायचा दिवस. ओळखीतली मराठी पोरं हल्ली एकामागून एक हीच गाडी किंवा हिची सख्खी बहीण सुबारू बीआरझी घ्यायला लागलीत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, पॅड कुठले टाकू? एक्झॉस्ट नाही, सस्पेन्शन नाही, थेट पॅड, आणि प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

घाई असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. वर्षाकाठी एखाद-दोन वेळाच ट्रॅकवर जाणार असाल आणि स्वतः पाना हातात घ्यायची हौस नसेल तर फेरोडो डीएस२५०० चारही चाकांना, सोबत चांगलं ब्रेक फ्लुइड, बास, विषय संपला. नेमाने जाणार असाल तर दोन वेगळे सेट घ्या आणि ते एकाच कंपनीचे घ्या, माझ्याकडे कार्बोटेकचे आहेत, रस्त्याला एएक्स६ आणि ट्रॅकला पुढे एक्सपी१०, मागे एक्सपी८. दोन्हीकडे शंभर टक्के चालेल असा एकच पॅड शोधत बसू नका, तसा पॅड अजून कोणी बनवलेला नाही आणि तो का बनत नाही हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निवड फार सोपी होते.

ब्रेक करतो काय तर गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती हवेत सोडतो, एवढंच. जीआर८६ चं वजन साधारण १,२८० किलो, त्यात ड्रायव्हर धरा. लागुना सेकाच्या सरळ पट्ट्यावरून ताशी १८० किलोमीटरच्या आसपास येऊन दुसऱ्या वळणाला, ज्याला अँड्रेटी हेअरपिन म्हणतात, ७५ पर्यंत खाली यायचं. हिशोब करून बघा, त्या एका ब्रेकमध्ये साधारण १.४ मेगाज्युल ऊर्जा निघते, म्हणजे नळाचं चार-साडेचार लिटर पाणी काही सेकंदात उकळीला येईल एवढी. आणि याच्यातला मोठा वाटा पुढच्या दोन रोटरवर, म्हणजे ज्या लोखंडी चकत्यांना पॅड घासतात त्यांच्यावर, पडतो कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं. हे एका वळणाचं झालं, ट्रॅकला वळणं ११ आहेत, ट्रॅकची लांबी ३.६ किलोमीटर, आणि सेशन वीसेक मिनिटांचं, तोपर्यंत रोटरला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

रस्त्यावर याच्या बरोबर उलटं. ऑफिसला जाताना सिग्नल, स्टॉप साइन, स्कूल झोन, रोटर शे-दीडशे अंशांच्या वर फारसा जात नाही (इथे सगळीकडे सेल्सिअसच लिहितोय) आणि डिसेंबरात सकाळी गल्लीच्या तोंडाशी पहिला ब्रेक मारता तेव्हा तर सगळं लोखंड १० अंशांवर गारठलेलं असतं. म्हणजे एका पॅडकडून १० अंशांवरही पकड हवी आणि ६०० वरही, आणि मधे कुठेही एकदम कमी-जास्त व्हायला नको. केमिस्ट्रीला हे झेपत नाही. थंडीत चावणारं मटेरियल तापल्यावर हात टेकतं, आणि ६०० ला टिकणारं मटेरियल थंड असताना झोपलेलं असतं.

आता माझं ठाम मत, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. पॅड घेताना सगळे जण वरचा आकडा बघतात, हा ८०० पर्यंत जातो, तो ६५० पर्यंतच जातो, मग ८०० वाला भारी. वरचा आकडा महत्त्वाचा आहेच पण ज्या गाडीत बायको-पोरं बसतात, जी गाडी शाळेसमोरून जाते, त्या गाडीसाठी खालचा आकडा आधी बघायचा. पॅड किती अंशांपासून काम करायला लागतो? ट्रॅकवर पॅड कमी पडला तर तुम्ही हेल्मेट घालून बसलेले असता, बाजूला मोकळी माती असते, कोपऱ्यावर झेंडेवाले उभे असतात. स्टॉप साइनला पॅड कमी पडला तर समोर सायकलवर कोणाचं तरी पोर असतं.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्ट्रीट पॅडच्या कडेला एक कोड छापलेला असतो, त्यात दोन अक्षरं, म्हणजे एफएफ, जीजी, जीएफ असं काहीतरी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पकड किती, दुसरं गरम झाल्यावर किती. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होते असा सरळ अर्थ. पण ही टेस्ट ट्रॅकच्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे हा कोड स्ट्रीट पॅड पारखायला कामाचा, ट्रॅक पॅडसाठी कंपनीचा तापमानाचा ग्राफच बघायचा. ग्राफची रेघ किती उंच आहे यापेक्षा किती सपाट आहे ते बघा, कारण सपाट रेघ म्हणजे पहिल्या लॅपला आणि आठव्या लॅपला पाय तेवढाच दाबायचा.

गाडीबरोबर येणाऱ्या पॅडबद्दल मला काही तक्रार नाही, ते रस्त्यासाठी बनवलेत आणि रस्त्यावर शांत, स्वच्छ, उत्तम चालतात. २०२२ मॉडेलला पुढे ३०० मिलिमीटरचा रोटर आणि दोन पिस्टनचा स्लायडिंग कॅलिपर (पॅड रोटरवर दाबणारा भाग), मागे २९० चा रोटर आणि एक पिस्टन, दोन्ही रोटर व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून हवा खेळणारे. या वजनाच्या गाडीला हे पुरेसं आहे, मोठ्या कॅलिपरचं किट आधी घ्यायची अजिबात गरज नाही, पैसे पॅड, फ्लुइड आणि टायरमध्ये घाला. टोयोटा अमेरिकेत या गाडीबरोबर नासाची एक वर्षाची मेंबरशिप आणि एक ट्रॅक डे फुकट देते, नासा म्हणजे इथे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. त्या पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतो, वेग बेताचा असतो, तेव्हा फ्लुइड तेवढं नवीन टाकून ओरिजिनल पॅडवर जाऊन यायला हरकत नाही. खरा प्रश्न नंतर सुरू होतो, जेव्हा तुम्ही ब्रेक उशिरा मारायला शिकता.

मधे 'स्ट्रीट आणि ट्रॅक दोन्हीसाठी' असं बॉक्सवर ठळक छापलेला एक पॅड लावून बघितला, नाव लिहीत नाही, नाव मोठं आहे. रस्त्यावर झकास होता, आवाज नाही, काळी धूळ कमी. थंडरहिलला उन्हाळ्यात, बाहेर चाळिशीचं ऊन, दुपारच्या सेशनमध्ये पेडल दगडासारखं कडक आणि गाडी काही थांबेना. पाय पूर्ण जोर लावतोय आणि वेग उतरतोय हळूहळू. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, येऊन चाक काढलं तर पॅडच्या कडांचे टवके उडालेले, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, आणि मधोमध एक आडवी भेग. बॉक्सवरचे शब्द कोणीही छापू शकतं, त्याच्यासमोर तापमानाचा आकडा नसेल तर तो पॅड रस्त्याचा समजायचा.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, ट्रॅकवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा सांगतो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड गेला. पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे पॅड ठीक असेलही, फ्लुइड उकळलंय, लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय ते बुडबुडे दाबतोय. दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण मागच्या वळणाला ब्रेक होता आणि या वळणाला नाही, असं होतं. पहिल्यात पाय तुम्हाला थोडी आगाऊ सूचना देतो.

फ्लुइडचं म्हणूनच सांगतो, पॅडच्या लेखात असलं तरी. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडला नियमाने नवीन असताना किमान २३० अंश उकळबिंदू लागतो आणि पाणी मुरल्यावर किमान १५५. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दोन वर्षं जुनं फ्लुइड म्हणजे त्या खालच्या आकड्याकडे निघालेलं फ्लुइड. मोट्युल आरबीएफ ६०० नवीन असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं, मी तेच वापरतो आणि सीझनला बदलतो, किंमतही परवडते. कॅस्ट्रॉल एसआरएफ महाग आहे पण पाणी मुरल्यावरही २७० च्या आसपास राहतं, ज्यांना वारंवार ब्लीड करायचा, म्हणजे लाइनमधलं जुनं फ्लुइड आणि हवा काढायचा, कंटाळा आहे त्यांनी ते घ्यावं. डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनवालं चुकूनही घेऊ नका, डॉट ५.१ वेगळं आणि डॉट ५ वेगळं, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेलं असतं.

आता फेरोडो. ही कंपनी मला मनापासून आवडते, आणि तिची सुरुवातही घाटातली आहे म्हणा ना. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात १८९७ मध्ये घोडागाड्या उतारावर थांबवायला चांगलं ब्रेक मटेरियल बनवायला घेतलं, त्याआधी गाडीवान चाकाला जुना बूट वगैरे लावून थांबवायचे. त्याची आजची पिढी म्हणजे हा डीएस२५००. कंपनी सांगते २० ते ५०० अंश आणि सरासरी गुणांक ०.४२, आणि वापरताना ते पटतं. सकाळी थंड गाडीला पहिल्याच ब्रेकला पकड आहे, ओरिजिनलपेक्षा थोडी जास्तच. पेडल एकदम चावत नाही, जेवढा पाय दाबाल तेवढं मिळतं, ट्रॅफिकमध्ये शेजारी बसलेल्याची मान पुढे जात नाही. आवाज मधूनच, शेवटच्या पाच-दहाच्या वेगाला हलकासा, रेडिओ चालू असेल तर कळतही नाही. धूळ ओरिजिनलपेक्षा नक्की जास्त, पांढरी चाकं असतील तर आठवड्याला धुवावी लागतील.

ट्रॅकवर, ओरिजिनल मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ टायरवर आणि शिकाऊ ते मधल्या ग्रुपच्या वेगाला डीएस२५०० वीस मिनिटं व्यवस्थित टिकतो. शेवटच्या दोन-तीन लॅपना पाय किंचित जास्त दाबावा लागतो पण ते सावकाश होतं, अचानक दगा नाही, आणि शिकणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. एक चक्कर सावकाश मारली की परत जागेवर. त्याच्या वरच्या मर्यादेचं कंपनीने काहीच लपवलेलं नाही, ५०० म्हटलंय आणि ५०० पर्यंत तो शब्दाला जागतो.

मग मला त्याच्या पुढे का जावं लागलं, तर टायरमुळे. हे बरेच जण विसरतात, पॅड टायरच्या बरोबरीने निवडायचा असतो. जमिनीला धरून ठेवणारा शेवटी टायर, जास्त चिकट टायर लावला की तुम्ही उशिरा आणि जोरात ब्रेक मारू शकता, वळणातून जास्त वेगाने निघता, पुढच्या पट्ट्यावर वेग वाढतो, म्हणजे प्रत्येक वळणाला रोटरवर आणखी उष्णता. २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे जास्त चिकट पण लवकर झिजणारे, टायर टाकल्यावर मी रोटरच्या कडेला तापमानाचा रंग लावून बघितला. हा फार साधा आणि स्वस्त प्रकार आहे, सगळ्यांनी करून बघा. तीन छोट्या बाटल्या येतात, हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, केशरी ५६० ला पिवळा होतो, लाल ६१० ला पांढरा होतो. रोटरची बाहेरची कड घासून स्वच्छ करायची, प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि सेशनला जायचं. परत आलो, चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारला तर हिरवा पूर्ण पांढरा, केशरीची आतली बाजू पिवळी आणि कड अजून केशरी, लाल जसाच्या तसा. म्हणजे पुढचा रोटर ५६० च्या आगेमागे पोचला होता. एवढी माहिती हातात आली की पॅड निवडायला कोणाच्या मताची गरज उरत नाही, ५०० चा पॅड इथे नको, ६५० च्या पुढे जाणारा हवा. मागच्या रोटरला केशरी हललाही नव्हता, म्हणून मागे एक पायरी खालचा पॅड.

तिथून कार्बोटेक. एक्सपी१० साधारण १३५ अंशांच्या पुढे जागा होतो आणि वर ८०० च्या आसपास जातो, एक्सपी८ त्याच्याआधी, शंभराच्या अलीकडेच कामाला लागतो आणि ६७५ पर्यंत. ट्रॅकवर एक्सपी१० चा पहिला चावा जोरदार आहे, पाय ठेवला की गाडीचं नाक लगेच खाली. पण मला त्याहून जास्त आवडलं ते त्याचं सोडणं. वळणात शिरताना पाय हळूहळू उचलायचा असतो, ब्रेक अर्धा, पाव, मग शून्य, आणि त्या वेळात पुढच्या चाकांवर वजन राहून गाडी वळते. काही पॅड पाय उचलला तरी धरून बसतात, मग गाडीचा मागचा भाग भलत्या वेळी हलका होतो. एक्सपी१० पायाबरोबर सुटतो, जेवढा उचलाल तेवढाच. लागुनाला कॉर्कस्क्रू नावाच्या उतरत्या वळणाच्या आधी चढावरून येताना समोर नुसतं आभाळ दिसतं, खाली वळण आहे हे फक्त माहीत असतं, दिसत नाही, आणि पलीकडे रस्ता जवळपास १८ मीटर खाली कोसळतो. तिथे ब्रेक मारायचा आणि सोडायचा तो पायाच्या अंदाजाने, आणि तो अंदाज पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत सारखाच राहिला, याच्याहून जास्त पॅडकडून मी काही मागत नाही.

मागचा पॅड पुढच्यापेक्षा एकच पायरी खाली ठेवा, फार खाली नको. पुढे रेसिंगचा आणि मागे ओरिजिनल असं बरेच जण पैसे वाचवायला करतात, मग सगळं काम पुढचेच करतात, पुढचं एबीएस आधी सुरू होतं, थांबायचं अंतर वाढतं आणि पुढचे पॅड भराभर संपतात. उलटं, म्हणजे मागे जास्त जहाल, तर कधीच करू नका, वळणात गाडी फिरेल.

एक्सपी१० रस्त्यावर मात्र नको, मी ट्रॅकला जाता-येता तेवढाच चालवतो. थंड असताना पहिल्या ब्रेकला पकड आहे पण पाय जास्त लागतो, आणि किंचाळतो असा की पुढची गाडी वळून बघते. हे सगळ्याच ट्रॅक पॅडचं आहे, कडक मटेरियल, आवाज दाबणारी पातळ पट्टी, म्हणजे शिम, नसते, पॅड आणि रोटर कंप पावतात आणि तो कंप कानाला ऐकू येतो. आई साताऱ्याहून आली होती तेव्हा ट्रॅकवरून येताना सनीव्हेलच्या देवळात थांबलो, पार्किंगमध्ये गाडी वळवताना चारही चाकं ओरडली. आई म्हणाली, "अरे, ब्रेक गेलेत की काय तुझे? एवढी महागाची गाडी आणि एसटीसारखी कुईकुई करतेय." म्हटलं आई, ब्रेक एकदम ठणठणीत आहेत, हे तापल्यावरचे पॅड आहेत. तिला अर्थात सकाळपासूनच शंका होती कारण पॅडॉकमध्ये गाडीजवळ आल्या आल्या ती म्हणाली होती, "हा वास खंबाटकीतला." आणि ते शंभर टक्के खरं आहे, खंबाटकी उतरताना ट्रकच्या चाकांना जो वास येतो तोच, अतिगरम ब्रेकचा, गोष्ट तीच आणि कारणही तेच. घाटात ड्रायव्हर गिअर खाली टाकतो ते याच्यासाठीच.

आवाज सोडा, त्याहून मोठं कारण वेगळं आहे. ट्रॅक पॅड तापले की स्वतःचा एक पातळ थर रोटरवर चढवतात आणि मग घर्षण त्या थरावर होतं, पॅडचा पॅडशी, लोखंडाशी नाही. थंड असताना तो थर टिकत नाही, पॅड नुसतं लोखंड घासत राहतो. म्हणजे ट्रॅक पॅडवर महिनाभर ऑफिसला गेलात तर रोटर खाल्ला जाईल आणि पुढच्या ट्रॅक डेला थर उडालेला असेल. एएक्स६ इथेच कामाला येतो. तो थंडीपासून ५४० च्या आसपास चालतो, आवाज नगण्य, आणि कार्बोटेकचे पॅड एकमेकांच्या थरावर चालतात, त्यामुळे एएक्स६ काढून एक्सपी१० टाकला की परत पहिल्यापासून बेडिंग, म्हणजे ब्रेक मारून मारून तो थर बसवणं, करायची गरज पडत नाही आणि रोटरही तेच चालतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅड एकाच रोटरवर आलटून पालटून लावले तर थर मिसळतात, मग पेडल थरथरतं आणि लोक म्हणतात रोटर वाकडा झाला. बहुतेक वेळा रोटर वाकडा नसतोच, त्याच्यावर थर कमी-जास्त बसलेला असतो. म्हणूनच वर म्हटलं की दोन सेट एकाच कंपनीचे घ्या, आणि फेरोडोवरून इकडे येताना मी रोटर नवीन घेतले, साधे, भोकं नसलेले, ओरिजिनल आकाराचे. भोकंवाले दिसायला छान पण ट्रॅकवर भोकाच्या कडेपासून भेगा सुरू होतात, नकोतच.

पॅड बदलणं या गाडीला खरंच सोपं आहे, घाबरू नका. चाक काढायचं, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, पॅड हाताने बाहेर येतात. आता पिस्टन आत ढकलायचा, जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, आणि हे करताना बॉनेट उघडं ठेवून फ्लुइडच्या डब्याकडे लक्ष ठेवा, पातळी वर येते, सांडलं तर रंग सोलून काढतं, म्हणून जुनं फडकं आधीच गुंडाळून ठेवायचं. स्लाइड पिना ओढून बघा, अडकत असतील तर पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर पॅड एका बाजूने तिरका झिजतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल चार-सहा वेळा दाबून पिस्टन जागेवर आणायचे, हे कितीही घाई असली तरी, कारण पहिला पाय रिकामाच खाली जातो. मी आदल्या रात्री गराजमध्ये करतो, चारही चाकांना तासाभरात होतं.

नवीन पॅडचं बेडिंग टाळू नका. पहिल्यांदा तापताना पॅडमधलं रेझिन गॅस सोडतं, तो गॅस पॅड आणि रोटरच्या मधे येतो आणि ब्रेक गुळगुळीत होतो, म्हणून नवीन पॅड थेट सेशनमध्ये जोरात वापरायचे नाहीत. पहाटे रिकाम्या रस्त्यावर आधी मध्यम, मग जरा जोरात अशा ब्रेकची मालिका मारायची, पूर्ण थांबायचं नाही, मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. ट्रॅकवर शेवटचा लॅप नेहमी सावकाश, आणि पॅडॉकमध्ये आल्यावर ब्रेकवर पाय ठेवून थांबू नका, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की तिथे ठसा उमटतो आणि मग तीच ती थरथर.

जाडी अर्ध्याच्या खाली गेली की तो पॅड ट्रॅकला नेऊ नका. पॅड नुसता घासायला नसतो, उष्णता पिस्टनपर्यंत पोचू नये म्हणून अडवतोही, पातळ पॅड म्हणजे फ्लुइड लवकर उकळणार. उरलेला अर्धा कचऱ्यात नको, गाडीत सुटा सेट म्हणून ठेवा.

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पॅडमध्ये पूर्वी तांबं भरपूर असायचं, उष्णता पसरवायला आणि पकड स्थिर ठेवायला ते उत्तम, पण त्याची धूळ पावसाने नाल्यात, तिथून खाडीत जाते आणि माशांना बाधते. २०१० मध्ये इथे कायदा झाला, २०२१ पासून तांबं ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याच्या आत. बॉक्सवर पानाचं चिन्ह असतं, ते एन दर्जाचं असेल तर ०.५ च्या आतलं. मला हा कायदा मनापासून पटतो, कारण मॉन्टेरीची खाडी ट्रॅकपासून जवळच आहे आणि तिथे जे जीव आहेत ते आपल्या छंदासाठी मरायला नकोत. जुनी रिव्ह्यू वाचून एखादा पॅड मागवताना मात्र लक्षात ठेवा, या कायद्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी जुनी मिश्रणं बदलली, नाव तेच पण आतला माल वेगळा असू शकतो.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा, कोइम्बतूरचा कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचा बुद्ध, आणि बुद्धला ५.१२५ किलोमीटरच्या लॅपमध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, त्याच्या शेवटी पॅडची खरी परीक्षा होते. तिथे गाडी ट्रकवरून पाठवणार असाल तर ट्रॅकचे पॅड घरूनच लावून पाठवा, परत आल्यावर काढा. चालवत जाणार असाल, आणि त्यात वाटेत पाऊस, तर डीएस२५०० सारखा एकच पॅड लावा, कारण ओला थंड रोटर आणि रेसिंग पॅड हे घाटात अजिबात नको. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एक्सपी१० कधी तापणारच नाही.

किमतीचं म्हणाल तर इथे पुढच्या एका सेटला, फेरोडो काय किंवा कार्बोटेक काय, दोनशे डॉलरच्या आगेमागे धरून चाला, मागचा थोडा कमी. मागवायच्या आधी एकच गोष्ट तपासा, २०२४ पासून काही जीआर८६ आणि बीआरझीला कारखान्यातूनच ब्रेंबोचे चार पिस्टनचे कॅलिपर येतात, पुढे ३२६ मिलिमीटरचा रोटर, त्यांचे पॅड वेगळ्या आकाराचे आणि साध्या कॅलिपरचे त्यात बसत नाहीत.